एच.आय.व्ही. असलेली आपली तरुण मुले आणि कर्करोग

(मंडळाच्या वर्धापनदिनी डॉक्टर पाहुण्याबाईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आत येताना दाराशी काढलेली सुरेख रांगोळी पाहिली, भरतकामाचे प्रदर्शन पाहिले, आणि क्षणभर मनात आले की, अशा आनंदाच्या दिवशी आजचा विषय काढावा की नाही? कार्यवाहबाईंना मी तसे विचारलेही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पाककृती आणि घरगुती औषधे यांवर दरवर्षी कुणी ना कुणी बोलतेच. जे कुणी बोलत नाही ते यंदा तुम्ही बोला." त्यांच्या त्या शब्दाला मान देऊन मी उभी आहे.

मी पस्तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी डॉक्टरकी केली. मी कर्करोगाची तज्ज्ञ नव्हे. परंतु तज्ज्ञांकडे कुणाला कधी पाठवायचे, हे ठरविणे माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरच्या हाती असते. आणि डॉक्टरकडे केव्हा जायचे, हे ठरविणे घरातल्या बाईच्या हाती असते. म्हणून हा विषय तुमचा-आमचाच आहे.

आज ज्या मुलांविषयी बोलायचे, ती कोण? आपल्या देशात एच.आय.व्ही.चा शोध प्रथम लागला तो १९८६ साली, मद्रासेत. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने रक्ताचे नमुने गोळा केले, त्यांतून ही गोष्ट उघडकीस आली. पुढल्या पंधरा-वीस वर्षांत हा विषाणू आपल्या महाराष्ट्रातही घराघरांत शिरला. नवऱ्याकडून बायकोला आणि आईकडून पोटातल्या बाळाला. उपचार नसले तर अशा शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना हा संसर्ग होतो. आज आईला औषधे मिळाली की हे प्रमाण पाचाच्याही खाली आणता येते. पण त्या वेळी ही औषधे फार थोड्यांना मिळत. सरकारने ती मोफत द्यावयास सुरुवात केली १ एप्रिल २००४ पासून. त्याआधी किती आईबाप गेले, याची आठवण इथे बसलेल्या पुष्कळजणींना असेल.

त्यांची मुले मात्र त्या औषधांमुळे वाचली. आज ती पंधरा, वीस, पंचवीस वर्षांची झाली आहेत. कुणी आजीने वाढवली, कुणी मावशीने, कुणी आश्रमाने. कुणी कॉलेजात आहे, कुणी कारखान्यात. यांखेरीज काही तरुण मुलामुलींना पुढे वयात आल्यावर, लग्नातून किंवा अन्य मार्गांनी संसर्ग झाला. तो कसा झाला याची चौकशी करण्याचे आपल्याला कारण नाही. ही सारी आपलीच मुले आहेत, एवढे धरून चालू.

यांना औषधे मिळाली, आता चिंता मिटली, असे आपण समजतो. बव्हंशी ते खरेही आहे. रोज नेमाने गोळी घेणारे मूल इतरांसारखे शिकते, कमावते, लग्न करते. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातही नाही. परंतु एक गोष्ट आपल्याला कुणी सांगितलेली नसते. ती अशी की, या मुलांना काही प्रकारचे कर्करोग होण्याचा धोका त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो. कर्करोग हा म्हातारपणाचा रोग, ही आपली समजूत. त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाच्या मानेला गाठ आली तर ते नाव कुणाच्या मनातही येत नाही.

खरे म्हणजे एच.आय.व्ही. आणि कर्करोग यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ साली कातडीवर जांभळे डाग उठणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन केले होते. तो वयस्कर पुरुषांत क्वचित दिसे. १९८१ साली न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथे तोच रोग धडधाकट तरुणांच्या अंगावर दिसू लागला, तेव्हा डॉक्टर चमकले. एड्स हे नावही तेव्हा जन्मले नव्हते. म्हणजे जगाला या साथीची चाहूल ज्या खुणांनी लागली, त्यांतली एक कर्करोगाचीच होती.

असे का होते? एच.आय.व्ही. हा विषाणू बहुधा स्वतः कर्करोग करीत नाही. आपल्या शरीरात पांढऱ्या पेशींचा एक पहारा असतो. आपण लहानपणापासून अनेक विषाणू अंगात बाळगून असतो; पहारा जागा असतो तोवर ते कोपऱ्यात निपचित पडून राहतात. एच.आय.व्ही. नेमका या पहारेकऱ्यांवर घाला घालतो. कणगीपाशी मांजर नसले म्हणजे उंदीर जसे माजतात, तसे मग ते जुने पाहुणे माजतात. त्यांतल्या तिघांची ओळख आपण करून घेतलेली बरी.

पहिल्याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. १९५७ साली आफ्रिकेत युगांडा देशाच्या कंपाला शहरी डेनिस बर्किट नावाचे शल्यविशारद काम करीत होते. जबडे सुजलेले एक मूल त्यांच्यापुढे आले, मग तसेच दुसरे आले. हा मुलांचा एक कर्करोग आहे असे त्यांनी ओळखले, आणि तो कुठे कुठे दिसतो हे पाहण्यासाठी १९६१ साली दोघा सोबत्यांसह मोटारीने सुमारे दहा हजार मैल हिंडून त्यांनी आफ्रिकेतली रुग्णालये पालथी घातली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी दिलेले भाषण ऐकावयास एपस्टाईन नावाचे एक तरुण संशोधक बसले होते. त्यांनी कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने मागविले आणि १९६४ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्यांत एक विषाणू शोधून काढला. त्यालाच एपस्टाईन-बार विषाणू म्हणतात. बार हे त्या तुकडीतील संशोधक बाईंचे नाव. हा विषाणू जगातील दहांपैकी नऊ प्रौढांच्या अंगात असतो आणि त्यांना काही करीत नाही. पण पहारा ढिला पडला की रसग्रंथींचा कर्करोग, ज्याला लिम्फोमा म्हणतात, तो त्यातून उद्भवू शकतो. एक भाषण ऐकून एवढा शोध लागला! भाषणे अगदीच वाया जात नाहीत, याचा मला यात थोडा धीर वाटतो.

दुसरा विषाणू कापोसीच्या रोगाचा. तो १९९४ साली युआन चँग आणि पॅट्रिक मूर या पती-पत्नींनी शोधला. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत तो पुष्कळांच्या अंगात असतो. म्हणून मलावी, युगांडा या देशांत एच.आय.व्ही. असलेल्या लहान मुलांना आणि तरुणांना हा कर्करोग होतो. कधी कधी अंगावर डाग न उठता नुसत्या गाठीच सुजतात. आपल्याकडे तो विषाणू कमी, म्हणून हा रोगही कमी.

तिसरा एच.पी.व्ही. हा गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा कर्ता. तो आपल्याकडे भरपूर आहे, त्याच्याकडे मी मागाहून येते.

आता मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. नाव, गाव सांगणार नाही. सांगण्याचा मला अधिकारही नाही.

एक आजी आपल्या नातवाला घेऊन माझ्याकडे येत असे. मुलाचे आईवडील तो सहा वर्षांचा होण्याआधीच गेलेले. आजी बाजारात भाजी विकी. सकाळी नळाला पाणी आले की हंडा भरायचा आणि नातवाला गोळी द्यायची, असा तिचा नेम. बारा वर्षांत तिने एक दिवस चुकविला नाही. मात्र गोळ्या कशाच्या, हे तिने त्याला सांगितले नव्हते. "रक्त वाढायच्या गोळ्या आहेत" एवढेच. मी दोन-तीनदा म्हटले, "आजी, आता त्याला समज आली आहे, सांगू या." ती म्हणे, "बाई, एवढे वर्ष जाऊ द्या. बारावी होऊ द्या." मलाही तो प्रसंग नकोसाच होता. मी 'बरे' म्हणत गेले.

मुलगा बारावी झाला, शहरात कारखान्यात लागला. एका खोलीत पाच मुले. एकाने त्याच्या पिशवीतली बाटली पाहिली, मोबाइलवर नाव घालून शोधले आणि सगळ्यांदेखत वाचून दाखविले. आपल्याला काय आहे, हे त्या मुलाला असे कळले. त्याने ती बाटली गटारात टाकली, खोली बदलली आणि गोळ्या बंद केल्या. आजी फोनवर विचारी, "गोळी घेतलीस का रे?" तो म्हणे, "घेतली."

दहा महिन्यांनी तो सुट्टीवर आला तेव्हा वजन उतरलेले, संध्याकाळी ताप, रात्री घामाने कपडे ओले, आणि मानेला उजव्या बाजूस गाठी. आपल्याकडे पूर्वी अशा गाठींना गंडमाळा म्हणत आणि त्या बहुधा क्षयाच्या निघत. एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला तर क्षय फार लवकर गाठतो. मी सुईने गाठीतले पाणी काढून तपासावयास पाठविले. उत्तर आले ते ना धड असे ना धड तसे. मी क्षयाची औषधे सुरू केली. पंधरा-वीस दिवस ताप उतरल्यासारखा वाटला. मला समाधान वाटले. मग ताप पुन्हा आला. "औषधाला वेळ लागतो," मी म्हणाले. तिसऱ्या महिन्यात काखेत गाठ आली. मी आणखी एक महिना वाट पाहिली.

चौथ्या महिन्याच्या शेवटी मी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठविले. तिथे एक अख्खी गाठ काढून तपासली. तो क्षय नव्हताच. हॉजकिनचा लिम्फोमा होता, आणि तोवर पोटापर्यंत पोहोचला होता.

भगिनींनो, या गोष्टीत चूक कुणाची? आजीची म्हणाल, तर तिने प्रेमापोटी लपविले. मुलाची म्हणाल, तर अठरा वर्षांच्या पोराने आणखी काय करावे? खोलीतल्या मुलांची, तर ती अजाण. माझी मात्र निश्चित होती. पहिल्या महिन्यातच मी गाठीचा तुकडा काढून घ्यावयास हवा होता, आणि त्याआधी चार वर्षे आजीची समजूत घालून मुलाला खरे सांगावयास हवे होते. परंतु या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे न बोलणे. विषाणूने रोग केला हे खरे, पण त्याला चौदा महिन्यांची सवड दिली ती आमच्या मौनाने.

तो मुलगा वाचला, हे सांगावयास मला आनंद वाटतो. सहा महिने, दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषधे दिली. त्याच्या जोडीला एच.आय.व्ही.ची गोळी पुन्हा सुरू केली. केस गेले, ते परत आले. हॉजकिनचा लिम्फोमा हा बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, एच.आय.व्ही. असतानाही. पूर्वी अशा रुग्णांना 'आता काय उपयोग' म्हणून घरी पाठवीत. आज तसे म्हणणे अज्ञानाचे लक्षण आहे.

यावरून घरच्या माणसांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी मी क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट: गोळी. ही गोळी केवळ एच.आय.व्ही.ची नव्हे, तीच कर्करोगापासूनची ढाल आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगातील साडेचार हजारांवर प्रौढ रुग्ण होते. निम्म्यांना औषधे लगेच दिली, निम्म्यांना प्रकृती उतरू लागल्यावर. लगेच औषध घेणाऱ्यांत १४ जणांना कर्करोग झाला, उशिरा घेणाऱ्यांत ३९ जणांना. २०१७ पासून आपल्या देशातही निदान होताच औषध देण्याचे धोरण आहे. मात्र गोळी सुरू असली म्हणजे धोका पुरता गेला, असेही नव्हे. कापोसीचा रोग औषधांनी फार कमी झाला, पण हॉजकिनचा तितकासा कमी झाला नाही. म्हणून लक्ष ठेवावे लागतेच.

दुसरी गोष्ट: गाठ. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते आणि जखम भरली की जाते. त्याला भिण्याचे कारण नाही. पण मानेला, काखेत किंवा जांघेत आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढू लागली, दुखत नसली तरी राहिली, तर ती दाखवावी. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' ही समजूत सर्वांत घातक. गाठीबरोबर ताप, रात्रीचा घाम आणि वजनात घट असेल तर एक दिवसही थांबू नये. कातडीवर किंवा तोंडात टाळूला जांभळट डाग, पोट फुगणे, जबडा सुजणे, तोंडात बरी न होणारी जखम, ही इतर लक्षणे. तोंडाचे निघाले म्हणून सांगते, या मुलांना तंबाखू, मिसरी, गुटखा यांच्या वाऱ्यालाही उभे करू नये. पहारा आधीच नाजूक. त्यात ही भर नको.

तिसरी गोष्ट: क्षयाची औषधे सुरू करून महिना झाला आणि गाठ उतरेना, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "गाठीचा तुकडा काढून तपासायचा का?" डॉक्टरांना राग येईल ही भीती बाळगू नये. मला कुणी तसे विचारले असते तर मी त्यांची आजन्म ऋणी राहिले असते.

चौथी गोष्ट: डॉक्टरांपासून काही लपवू नये. कर्करोगाच्या डॉक्टरांना एच.आय.व्ही. आहे हे माहीत हवे आणि ए.आर.टी. सेंटरला कर्करोगाचे औषध चालू आहे हे माहीत हवे. दोन्हीकडची काही औषधे एकमेकांशी भांडतात, मग एक बदलावे लागते. ज्याला माहीत नाही तो कसे बदलणार?

आता मुलींविषयी.

माझ्याकडे एक तरुण विधवा येत असे. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याकडून तिला संसर्ग झाला, नवरा गेला, आणि ती भावाच्या घरी राहू लागली. एच.आय.व्ही.चे तिने भावाला सांगितले होते, वहिनीला नाही. तिला अंगावरून पांढरे जात होते, मधूनच लाल दिसत होते. 'वहिनीबरोबर तपासायला गेले तर कागदावर सगळे लिहिलेले दिसेल,' या भीतीने तिने एक वर्ष अंगावर काढले. माझ्याकडे आली तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग फार पुढे गेला होता. ती एकोणतिसाव्या वर्षी गेली. शेवटच्या दिवसांत तिची सेवा केली ती त्याच वहिनीने. ती मला म्हणाली, "बाई, मी काही तिला टाकले नसते हो. मला सांगायचे तरी." हे वाक्य मी विसरू शकत नाही.

एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रीला हा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो, आणि तो लहान वयात येतो. आणि खरे दुःख हे की, हा टाळता येण्याजोगा कर्करोग आहे. त्याचे दोन उपाय आहेत.

एक म्हणजे लस. एच.पी.व्ही.ची लस ९ ते १४ या वयात, संसर्गाशी गाठ पडण्याआधी, देणे उत्तम. इतर मुलींना एक किंवा दोन मात्रा पुरतात, एच.आय.व्ही. असलेल्या मुलींना निदान दोन, आणि शक्य तर तीन द्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आपल्या पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली लस २०२३ च्या जानेवारीत आली. वय थोडे पुढे गेले असले तरी डॉक्टरांना विचारावे. काही लाभ उरतोच. याच जोडीला काविळीची, म्हणजे हेपटायटिस बी ची लस झाली आहे ना, तेही पाहावे. तो विषाणू पुढे यकृताचा कर्करोग करतो.

दुसरा उपाय तपासणी. सर्वसाधारण स्त्रीने ती वयाच्या तिसाव्या वर्षापासून करावी, एच.आय.व्ही. असलेल्या तरुणीने मात्र पंचविसाव्या वर्षापासून, आणि दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा. तपासणी म्हणजे काही शस्त्रक्रिया नव्हे. गर्भाशयाच्या मुखाशी कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. किंवा व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावून मिनिटभराने पाहतात, खराब भाग पांढरा दिसतो. तो भाग लवकर सापडला तर तिथल्या तिथे, उपकरणाने गोठवून किंवा शेकून, नाहीसा करता येतो.

हे शहरातच शक्य, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी सांगते. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. एच.पी.व्ही.ची केवळ एकदा केलेली तपासणी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, असे २००९ साली त्यातून सिद्ध झाले, आणि जगाने त्याची दखल घेतली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात व्हिनेगरची तपासणी करून पाहिली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. तुमच्या-माझ्यासारख्या घरांतल्या, थोडे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जगाला धडा आपल्याच बायकांनी दिला, आणि आपल्याच गल्लीत तो पोहोचलेला नाही!

पैशांचा प्रश्न येतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयात शिरतानाच तेथील आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

कायद्याचेही एक-दोन शब्द. एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या रोगापायी कुणाला शाळेतून, नोकरीवरून किंवा दवाखान्यातून घालवून देणे गुन्ह्याइतकेच गैर आहे, आणि एखाद्याची ही बाब त्याच्या संमतीवाचून चारचौघांत सांगणेही गैर आहे. त्यात एक कलम मला फार हृद्य वाटते. आईबाप नसलेल्या किंवा आजारी असलेल्या अशा घरात बारा वर्षांवरील समंजस भावंड जर घर सांभाळीत असेल, तर धाकट्या भावंडाच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी ते पालक म्हणून सही करू शकते. ज्याने हे कलम लिहिले त्याने पंधरा वर्षांची एखादी ताई आपल्या भावाला बोट धरून दवाखान्यात नेताना पाहिली असली पाहिजे.

आता शेवटचा प्रश्न: मंडळाने काय करावे?

कुणाच्या घरी हा आजार आहे, याची यादी करू नये. 'अमकीचा नातू रोज गोळ्या कसल्या घेतो' हे विचारू नये. माझे 'बोला' म्हणणे आणि तुमचे 'विचारू नका' हे उलटसुलट वाटेल, पण तसे नाही. बोलावे ज्याचे त्याने. आपण फक्त बोलता येईल असे वातावरण ठेवावे. आपल्या बोलण्यात 'पापाचे फळ', 'असले रोग' हे शब्द आले, की समोर बसलेली बाई आपल्या नातवाची गाठ पदराआड झाकते. ती आपल्यात बसलेली असेल, आज या सभागृहातही असेल, हे धरूनच बोलावे.

ज्या घरी असे मूल आहे, त्या आजीने-मावशीने त्याला शाळेच्या वयातच, हळूहळू, समजेल तसे खरे सांगावे. ए.आर.टी. सेंटरमधील समुपदेशक यात मदत करतात. सत्य त्याला आपल्या माणसाच्या मांडीवर कळावे. परक्याच्या मोबाइलवरून कळू नये.

मंडळ आणखी तीन कामे सहज करू शकेल. वर्षातून एकदा सगळ्याच स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या तपासणीचे शिबिर भरवावे. सगळ्यांसाठी असले म्हणजे कुणा एकीला लपावे लागत नाही. मुलींच्या लसीची माहिती आशाताईंकडून घेऊन फलकावर लावावी. आणि रक्तदान शिबिर घ्यावे. कर्करोगाची औषधे चालू असताना रक्ताची गरज वारंवार पडते. याखेरीज दवाखान्यात सोबत जायला कुणी नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते, तिथे एखाद्या बाईने नुसते सोबत जावे. आत काय झाले ते न विचारता बाहेर बाकावर बसून राहावे. ही मोठीच सेवा आहे.

माझी ती आजी आता नाही. नातू त्याच शहरात काम करतो. गेल्या दिवाळीत तो मला भेटावयास आला होता. बोलता बोलता त्याच्या मोबाइलची घंटा वाजली. त्याने माझ्यासमोरच खिशातून डबी काढली, माझ्याकडे पाणी मागितले आणि गोळी घेतली. ना मान वळविली, ना आड गेला. मी त्याला लाडू वाढला. एवढेच घडले; पण त्या दिवशी मला वाटले की, या मुलाचा पहारा आता जागा आहे.

असे उघडपणे पाणी मागता येईल अशी घरे आपल्या गल्लीत वाढोत, एवढीच माझी इच्छा.